एकाच प्रोग्रॅमचे अनेक आयकॉन: स्विच लावून ॲप सुरू करण्याची रीत

आमच्या गावच्या वाचनालयात एक संगणक आहे. त्यावर फायरफॉक्सचे दोन आयकॉन आहेत. एकाखाली 'वाचक' असं लिहिलंय, दुसऱ्याखाली 'कार्यालय'. प्रोग्रॅम एकच, एकदाच बसवलेला. पण 'वाचक'वर डबलक्लिक केलं की ग्रंथपालांची मेल, साठवलेले पासवर्ड, बुकमार्क यांतलं काही समोर येत नाही. यासाठी वेगळं सॉफ्टवेअर घ्यावं लागलं नाही. आयकॉनच्या मागे जी एक ओळ असते, तिच्या शेवटी दोन शब्द वाढवले.

प्रत्येक आयकॉनच्या मागे अशी ओळ असतेच. तिच्या सुरुवातीला प्रोग्रॅमच्या फाइलचा पत्ता असतो आणि त्यापुढे जे शब्द लिहाल ते प्रोग्रॅमला सुरू होतानाच मिळतात. या शब्दांना कोणी स्विच म्हणतं, कोणी फ्लॅग, कोणी लॉन्च ऑप्शन. मी स्विच म्हणतो. फायरफॉक्स, लिबरऑफिस, व्हीएलसी, ब्लेंडर हे प्रोग्रॅम विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींवर चालतात आणि त्यांचे स्विच तिन्हीकडे बहुतेक सारखेच असतात. फरक पडतो तो ती ओळ कुठे लिहायची यात. लोक अडतात तेही तिथेच, म्हणून तो भाग सावकाश सांगतो.

आधी लिहिण्याबद्दल. इथल्या सगळ्या आज्ञा देवनागरीत दिल्या आहेत, पण टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांतच करायच्या. कॅपिटल अक्षर हवं असेल तिथे तसं सांगितलंय. मराठी कीबोर्ड चालू नाही ना, हे आधी बघा. तो चालू राहिला तर आकडेसुद्धा देवनागरी पडतात आणि प्रोग्रॅमला ते कळत नाहीत. दुसरं म्हणजे रेघ. स्विचच्या आधी एक किंवा दोन छोट्या आडव्या रेघा असतात. व्हॉट्सॲपवरून किंवा वर्डच्या फाइलमधून आज्ञा कॉपी केली की पुष्कळदा दोन छोट्या रेघांची एक लांब रेघ झालेली असते आणि सरळ अवतरणचिन्हं वाकडी झालेली असतात. डोळ्यांना फरक जाणवत नाही, प्रोग्रॅमला मात्र तो स्विच ओळखताच येत नाही. म्हणून रेघा आणि अवतरणचिन्हं हाताने टाइप करा.

पहिली पायरी: आयकॉनला हात लावण्याआधी करून बघा

आयकॉन बदलण्याआधी तोच स्विच एकदा हाताने चालवून बघायचा. म्हणजे पुढे काही बिघडलं तर चूक स्विचमध्ये आहे की आयकॉनमध्ये, हे लगेच कळतं.

फायरफॉक्सचंच उदाहरण घेऊ. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:प्रोफाइल्स' टाइप करा. उघडलेल्या पानावर 'क्रिएट अ न्यू प्रोफाइल' हे बटण दाबून 'वाचक' नावाचं प्रोफाइल तयार करा. प्रोफाइल म्हणजे बुकमार्क, पासवर्ड, सेटिंग्ज यांचा स्वतंत्र संच. नाव इंग्रजी अक्षरांत, मधे जागा न सोडता. लगेच त्याच पानावर खाली बघा: नवं प्रोफाइल डीफॉल्ट होऊन बसलं असेल, तर जुन्या प्रोफाइलखालचं 'सेट अ‍ॅज डीफॉल्ट प्रोफाइल' दाबा. हे राहून गेलं तर दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांना आपले बुकमार्क गेले असं वाटतं. गेलेले नसतात, दुसऱ्या प्रोफाइलमध्ये असतात.

आता विंडोजवर विंडोजची की आणि आर एकत्र दाबा. येणाऱ्या छोट्या चौकटीत हे लिहा:

फायरफॉक्स -पी वाचक

यातला पी कॅपिटल. लिनक्सवर हीच ओळ टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चालते. मॅकवर टर्मिनल उघडून प्रोग्रॅमचा पूर्ण पत्ता द्यावा लागतो:

/ॲप्लिकेशन्स/फायरफॉक्स.ॲप/कन्टेन्ट्स/मॅकओएस/फायरफॉक्स -पी वाचक

कोरी, नवी खिडकी उघडली की स्विच बरोबर आहे. नुसतं -पी लिहून पुढे नाव दिलं नाही तर कुठलं प्रोफाइल हवं हे विचारणारी चौकट येते. तीही कामाची आहे. बऱ्याच जुन्या लेखांत याला '-नो-रिमोट' जोडायला सांगतात. दोन वेगळी प्रोफाइलं एकाच वेळी उघडण्यासाठी आता त्याची गरज पडत नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. प्रोफाइल म्हणजे कुलूप नव्हे. 'अबाउट:प्रोफाइल्स' हे पान वाचकालाही उघडता येतं. चुकून दुसऱ्याची मेल दिसू नये एवढ्यापुरतीच ही सोय आहे. खरी गोपनीयता हवी असेल तर संगणकावर वेगळं युझर अकाउंटच करा.

विंडोज: टार्गेटची चौकट

डेस्कटॉपवरच्या फायरफॉक्सच्या आयकॉनवर राइट क्लिक करून कॉपी करा आणि तिथेच पेस्ट करा. मूळ आयकॉन तसाच राहू द्या, बदल प्रतीवर करा. नव्या आयकॉनला नाव द्या, राइट क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. 'शॉर्टकट' टॅबवर 'टार्गेट' नावाची चौकट दिसेल. त्यात साधारण असं असतं:

"सी:\प्रोग्रॅम फाइल्स\मोझिला फायरफॉक्स\फायरफॉक्स.ईएक्सई"

पत्त्यात मोकळ्या जागा आहेत म्हणून त्याभोवती अवतरणचिन्हं आहेत. कर्सर शेवटच्या अवतरणचिन्हाच्या पुढे न्या, एक स्पेस द्या आणि मग स्विच लिहा:

"सी:\प्रोग्रॅम फाइल्स\मोझिला फायरफॉक्स\फायरफॉक्स.ईएक्सई" -पी वाचक

स्विच अवतरणचिन्हांच्या आत गेला तर विंडोज तो फाइलच्या नावाचाच भाग समजतं आणि टार्गेटमधलं नाव वैध नाही असा संदेश दाखवतं. हा संदेश आला की दहापैकी नऊ वेळा अवतरणचिन्हाची जागा चुकलेली असते.

टार्गेटची चौकट राखाडी दिसत असेल, म्हणजे त्यात काही लिहिताच येत नसेल, तर तो प्रोग्रॅम बहुधा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून बसवलेला आहे. अशा वेळी मी सरळ तो काढून कंपनीच्या संकेतस्थळावरचा साधा इन्स्टॉलर वापरतो. पण काढण्याआधी बुकमार्क आणि पासवर्ड दुसरीकडे काढून ठेवा.

टास्कबारवर पिन केलेला आयकॉन हा डेस्कटॉपवरच्या आयकॉनपेक्षा वेगळा शॉर्टकट असतो. डेस्कटॉपवरचा बदलला म्हणून टास्कबारवरचा बदलत नाही. शिफ्ट दाबून टास्कबारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक केलं की त्याच्या 'प्रॉपर्टीज' स्वतंत्र उघडतात. आणखी एक गोष्ट. मेलमधल्या दुव्यावर किंवा एखाद्या फाइलवर डबलक्लिक केलं तर विंडोज तुमच्या शॉर्टकटकडे बघतच नाही. ते आपल्या रजिस्ट्रीतल्या, म्हणजे सेटिंग्जच्या साठ्यातल्या, नोंदीप्रमाणे प्रोग्रॅम उघडतं, त्यामुळे तुमचा स्विच तिथे लागू होत नाही.

संगणक सुरू होतानाच हा आयकॉन उघडायला हवा असेल तर विंडोजची की आणि आर दाबून 'शेल:स्टार्टअप' लिहा आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये शॉर्टकटची प्रत टाका.

लिनक्स: डेस्कटॉप फाइल

लिनक्सवर आयकॉनमागची ओळ साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असते, म्हणून मला तरी हा मार्ग सगळ्यांत स्वच्छ वाटतो. या फाइलींच्या नावाच्या शेवटी '.डेस्कटॉप' असतं आणि त्या '/यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स' या फोल्डरमध्ये सापडतात. उबुंटू या लिनक्सवर फायरफॉक्स स्नॅप (प्रोग्रॅम बसवण्याचा एक प्रकार) म्हणून येतो, त्याची फाइल '/व्हार/लिब/स्नॅपडी/डेस्कटॉप/ॲप्लिकेशन्स' इथे असते.

या मूळ फाइली बदलू नका. पुढच्या अपडेटला त्यांच्या जागी नव्या फाइली येतात आणि तुमचं काम पुसलं जातं. त्याऐवजी फाइलची प्रत तुमच्या होम फोल्डरमधल्या '.लोकल/शेअर/ॲप्लिकेशन्स' इथे करा. प्रतीचं नाव मूळ फाइलसारखंच ठेवलं तर मेनूत मूळच्या जागी तुमची प्रत दिसते. वेगळं नाव दिलं तर मेनूत आणखी एक आयकॉन येतो. आपल्याला दुसरा आयकॉन हवाय, म्हणून फाइलचं नाव बदला आणि आतल्या 'नेम=' या ओळीपुढे 'फायरफॉक्स वाचक' लिहा.

आता 'एक्झेक=' ने सुरू होणारी ओळ शोधा. तिच्या शेवटी %यू असं काहीतरी असेल. उघडायच्या दुव्यासाठी राखलेली ती जागा आहे, ती पुसू नका. स्विच तिच्या आधी लिहा:

एक्झेक=फायरफॉक्स -पी वाचक %यू

बरेच जण इथेच थांबतात आणि मग म्हणतात, कधी चालतं, कधी चालत नाही. कारण एकाच फाइलमध्ये 'एक्झेक=' दोन-तीनदा असू शकतं. आयकॉनवर राइट क्लिक केल्यावर 'नवी खिडकी', 'खासगी खिडकी' असे जे पर्याय येतात, त्या प्रत्येकाचं 'एक्झेक=' फाइलमध्ये खाली वेगळं असतं. ते सगळे बदला.

ही ओळ शेलमधून, म्हणजे टर्मिनलमधल्या आज्ञा समजून घेणाऱ्या प्रोग्रॅममधून, जात नाही. होम फोल्डरसाठी आपण टर्मिनलमध्ये जे नागमोडी चिन्ह (~) वापरतो ते इथे चालत नाही, पत्ता पूर्ण लिहावा लागतो. आणि ग्नोम या लिनक्स डेस्कटॉपच्या काही ॲप्सच्या फाइलमध्ये 'डीबसॲक्टिव्हेटेबल=ट्रू' अशी ओळ असते. ती असेपर्यंत 'एक्झेक='मध्ये काहीही लिहा, कोणी विचारत नाही. तिथे 'ट्रू' काढून 'फॉल्स' करा. फाइल जतन केल्यावर 'डेस्कटॉप-फाइल-व्हॅलिडेट' ही आज्ञा फाइलचं नाव देऊन चालवली की लिहिण्यातल्या चुका कळतात.

मॅक: ॲपच्या पोटात हात घालू नका

मॅकवर आयकॉनला स्विच लावायची चौकट नाही. काही लोक ॲपच्या आतल्या फाइली उघडून बदल करतात. ते करू नका. ॲपवर बनवणाऱ्याची डिजिटल सही असते, आतलं काही बदललं की ती मोडते आणि ॲप उघडेनासं होऊ शकतं.

त्याऐवजी 'ऑटोमेटर' उघडा, नवं 'ॲप्लिकेशन' निवडा, 'रन शेल स्क्रिप्ट' ही कृती ओढून आणा आणि तिच्यात लिहा:

ओपन -एन -ए फायरफॉक्स --आर्ग्ज -पी वाचक

'आर्ग्ज'चं स्पेलिंग ए-आर-जी-एस. त्याच्यानंतरचं सगळं फायरफॉक्सकडे जातं, त्याच्या आधीचं 'ओपन' या आज्ञेसाठी असतं. -एन म्हणजे नवी प्रत उघड. ते दिलं नाही आणि फायरफॉक्स आधीच चालू असला, तर नुसती जुनी खिडकी पुढे येते, स्विच पोचतच नाहीत. नाव देऊन जतन करा आणि ते छोटं ॲप खाली डॉकमध्ये ओढून ठेवा.

प्रोग्रॅम आधीच चालू असेल तर

मॅकवरची ही अडचण खरं तर तिन्हीकडे आहे. मी ती लिबरऑफिसवर अनुभवली. वाचनालयाच्या जुन्या इतिवृत्तांच्या वर्डच्या फाइली पीडीएफ करायच्या होत्या. एकेक उघडून करत बसलो असतो तर आठवडा गेला असता. लिबरऑफिस खिडकी न उघडताच हे करून देतं. फाइलींच्या फोल्डरमध्ये टर्मिनल उघडायचं आणि लिहायचं:

एसऑफिस --हेडलेस --कन्व्हर्ट-टू पीडीएफ --आउटडिर पीडीएफ-प्रती *.डॉक्स

'एसऑफिस' म्हणजे एस हे अक्षर आणि पुढे ऑफिस, सलग. 'आउटडिर' ओ-यू-टी-डी-आय-आर. शेवटचा 'डॉक्स' डी-ओ-सी-एक्स. मी एंटर दाबलं. क्षणात टर्मिनल परत मोकळं झालं. एरर नाही, संदेश नाही, फोल्डरमध्ये एकही पीडीएफ नाही. तासभर स्पेलिंग तपासत बसलो. कारण मागे होतं: लिबरऑफिसची एक खिडकी आधीच उघडी होती. नवा प्रोग्रॅम सुरू झाला, त्याने बघितलं की याच प्रोफाइलवर एक भाऊ आधीच चालू आहे, आणि काम त्याच्याकडे टाकून तो बंद झाला. खिडकी बंद करून तीच ओळ पुन्हा चालवली आणि एकामागून एक फाइली पडू लागल्या.

खिडकी बंद करणं शक्य नसेल तर या कामाला वेगळं प्रोफाइल द्या. त्यासाठी 'हेडलेस'च्या आधी हा स्विच जोडा:

-एन्व्ह:युझरइन्स्टॉलेशन=फाइल:///टीएमपी/लो-रूपांतर

इथे सुरुवातीला एकच रेघ, 'एन्व्ह' म्हणजे ई-एन-व्ही, 'युझरइन्स्टॉलेशन' सलग पण त्यातला यू आणि आय कॅपिटल, आणि 'फाइल:' नंतर तीन तिरक्या रेघा. विंडोजवर पुढचा पत्ता 'सी:/' असा लिहा, तोही सरळ तिरक्या रेघांनी, उलट्या नव्हे.

मराठी कागदपत्रांसाठी एक सूचना. शिवाजी, श्रीलिपी अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील तर तो फाँट त्या संगणकावर बसवलेला हवा. नसेल तर पीडीएफमध्ये मजकुराच्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी उतरते. पहिल्या दोन फाइली करून उघडून बघा, मग बाकीच्या लावा.

रोजच्या उपयोगाचे थोडे स्विच

लिबरऑफिसचा '--व्ह्यू' मला फार आवडतो. तो फाइलची तात्पुरती प्रत करून फक्त वाचण्यासाठी उघडतो. आमची ग्रंथसूची आम्ही वाचकांना याच स्विचने उघडून देतो, म्हणजे चुकून एखादी ओळ पुसली जात नाही. '--शो' दिला तर सादरीकरण थेट स्लाइड-शोमध्ये सुरू होतं. '--सेफ-मोड'ने लिबरऑफिस तात्पुरत्या कोऱ्या प्रोफाइलवर उघडतं. उघडताना ते कोसळत असेल तर आधी हे करून बघा, पुन्हा इन्स्टॉल करायची घाई नको. फायरफॉक्सलाही '--सेफ-मोड' आहे.

फायरफॉक्सचा '--किओस्क' पुढे पत्ता देऊन लावला की ते पान पूर्ण पडद्यावर उघडतं, पत्त्याची पट्टी दिसत नाही. बाहेर पडायला विंडोजवर ऑल्ट आणि एफ४. व्हीएलसीला '--फुलस्क्रीन --लूप' दिलं की व्याख्यानमालेच्या आधी चित्रफीत सभागृहात फिरत राहते, आणि '--नो-व्हिडिओ-टायटल-शो' जोडलं की सुरुवातीला पडद्यावर फाइलचं नाव उमटत नाही. व्हीएस कोड काही एक्स्टेन्शनमुळे अडखळत असेल तर 'कोड --डिसेबल-एक्स्टेन्शन्स'.

क्रोमियम या ब्राउझरवर बेतलेल्या ॲप्सना, यात क्रोम आणि इलेक्ट्रॉन या साधनाने बनलेली बरीच ॲप्स आली, पडदा काळा पडत असेल किंवा लुकलुकत असेल तर '--डिसेबल-जीपीयू' लावून बघण्यासारखं आहे. पण त्याच कुटुंबातले '--नो-सँडबॉक्स' आणि '--डिसेबल-वेब-सिक्युरिटी' हे दोन स्विच कोणीही सांगितले तरी रोजच्या आयकॉनमध्ये ठेवू नका. पहिला ब्राउझरची संरक्षक भिंत काढतो, दुसरा एका संकेतस्थळाला दुसऱ्याची माहिती वाचू न देणारा नियम. पासवर्डही आज्ञेच्या ओळीत लिहू नका. चालू प्रोग्रॅमची ओळ त्या संगणकावर इतरांनाही वाचता येऊ शकते.

स्विच नसेल, पण परिसरचल असेल तेव्हा

काही गोष्टी स्विचने होत नाहीत, त्या परिसरचलाने, म्हणजे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने होतात. प्रोग्रॅम सुरू होताना वाचतो अशी ती नाव देऊन ठेवलेली किंमत असते. मराठी लिहिणाऱ्यांना याची गरज लिनक्सवर हमखास पडते. आयबस या लिनक्सच्या कीबोर्ड-व्यवस्थेवरून मराठी कीबोर्ड बाकी सगळीकडे चालतो, पण क्यूटी या ॲप बनवण्याच्या साधनाने बनलेल्या एखाद्याच ॲपमध्ये उमटत नाही, असं झालं तर त्या ॲपच्या डेस्कटॉप फाइलमध्ये 'एक्झेक='नंतर लगेच हे घाला आणि त्यापुढे मूळची ओळ राहू द्या:

एन्व्ह क्यूटी_आयएम_मॉड्यूल=आयबस

'क्यूटी_आयएम_मॉड्यूल' सगळं कॅपिटलमध्ये, आयबस लहान अक्षरांत. याच पद्धतीने 'लँग्वेज=एमआर' दिलं, तर मराठी भाषापॅक असलेलं ग्नोमचं एखादं ॲप एकटंच मराठी मेनूंसह उघडतं, बाकी संगणक इंग्रजीत राहतो. इथेही 'लँग्वेज' कॅपिटलमध्ये आणि 'एमआर' लहान.

विंडोजच्या शॉर्टकटमध्ये ही सोय नाही. तिथे छोटी बॅच फाइल, म्हणजे आज्ञांची मजकूर-फाइल, करायची: पहिल्या ओळीत 'सेट' लिहून व्हेरिएबल, दुसऱ्या ओळीत प्रोग्रॅमचा पत्ता, आणि आयकॉन त्या बॅच फाइलचा.

पोचला का, ते तपासा

कित्येक प्रोग्रॅम न कळलेला स्विच गुपचूप सोडून देतात. क्रोम तसंच करतं. त्यामुळे एरर आली नाही म्हणजे काम झालं असं धरू नका. क्रोममध्ये 'क्रोम://व्हर्जन' उघडा, 'कमांड लाइन' या ओळीत मिळालेले सगळे स्विच दिसतात. फायरफॉक्समध्ये 'अबाउट:सपोर्ट' या पानावर कुठलं प्रोफाइल फोल्डर वापरलं जातंय ते कळतं. बाकी प्रोग्रॅमसाठी विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये 'डिटेल्स' टॅबवर जा, स्तंभांच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'कमांड लाइन' निवडा. लिनक्सवर आणि मॅकवर टर्मिनलमध्ये 'पीएस -ईएफ' पुरेसं आहे.

हे बघताना आणखी एक तपासा. ब्राउझर उघडला की रोज एखादं अनोळखी पान येत असेल, तर टार्गेटच्या चौकटीत शेवटी कुठल्या संकेतस्थळाचा पत्ता चिकटवलेला नाही ना, ते बघा. फुकट मिळणारी काही सॉफ्टवेअरं हा उद्योग करतात. सेटिंग्ज कितीही बदलल्या तरी ते पान येत राहतं, कारण ते सेटिंग्जमध्ये नसतंच. तेवढा पत्ता पुसा आणि मग व्हायरससाठी संगणक तपासून घ्या.

मूळ स्थितीवर यायचं असेल तर विंडोजवर आणि मॅकवर आपण केलेला नवा आयकॉन पुसून टाकायचा. लिनक्सवर होम फोल्डरमधली डेस्कटॉप फाइलची प्रत पुसायची. मूळचं नाव ठेवलं असेल तर मेनूत जुना आयकॉन आपोआप परत दिसतो. फायरफॉक्सचं प्रोफाइल मात्र आयकॉनबरोबर जात नाही. ते 'अबाउट:प्रोफाइल्स'मध्ये जाऊन वेगळं काढावं लागतं, आणि काढताना फाइलीही पुसायच्या का असं विचारलं की उत्तर देण्याआधी नाव नीट वाचा.